बारीक नळ्यांचे सूर

“पुढचा!”

नळ्यांच्या आतून आवाज आला, पण तिने बोट उचललं नाही. उजव्या टोकाजवळची पांढरी पट्टी तिने तशीच दाबून धरली. सूर अजून लागला नव्हता. आत दोन नळ्या एकत्र वाजत होत्या आणि त्यांच्यात बारीक थरथर चालू होती, थंडीत दात वाजावेत तशी. एक हलका ठोका, फार तर दोन, की ती थरथर संथ होत होत थांबली असती. गेली अठ्ठावीस वर्षं ती अशीच थांबत आली होती.

“अगं, पुढचा! झोपलीस का?”

“नाही हो. घेते.”

तिने शेजारची पट्टी दाबली. तिचा सूरही थरथरत राहिला आणि आतून आवाज आला, “छान. पुढचा.”

आजवर सूर लागल्याशिवाय आतून कधी ‘छान’ आलं नव्हतं.

सभागृह रिकामं होतं. खुर्च्यांवर चादरी टाकलेल्या, आणि समोरच्या भिंतीवर दोन मजले उंचीचा तो पाइप ऑर्गन. त्याच्या नळ्या दोन हजारांच्या वर. सगळ्यात मोठीत माणूस उभा राहील आणि सगळ्यात लहान झिजलेल्या पेन्सिलीएवढी. दरवर्षी मैफलींचा हंगाम सुरू होण्याआधी नवरा-बायको नऊ सकाळी इथे यायची. तो आत नळ्यांच्या जंगलात एका अरुंद फळीवर उभा राहून पितळी शंकूने एकेका नळीचं तोंड जरासं उघडायचा नाहीतर मिटायचा. ही बाहेर वादकाच्या बाकावर बसून एकेक पट्टी दाबून धरायची. सूर लागला की तो ‘पुढचा’ म्हणायचा आणि ही पुढची पट्टी घ्यायची. बस, एवढंच काम. हिला संगीत कोणी शिकवलं नव्हतं. पण नऊ सकाळी गुणिले अठ्ठावीस वर्षं फक्त एकेक सूर लागताना ऐकला की दगडालाही कान फुटतील.

गावातले ऑर्गनवेडे तिच्या नवऱ्याला कानसेन म्हणत. एकदा मैफल ऐन रंगात असताना त्यांनी चौथ्या रांगेतून उठून, पायांच्या बोटांवर चालत जाऊन, बाजूच्या दालनातला पंखा बंद केला होता. त्या पंख्याची घरघर ऑर्गनच्या एका सुराशी भांडतेय, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या कोणाला ती घरघर ऐकूच आली नव्हती. तेव्हापासून ते कानसेन. घरात ती त्यांना अहो म्हणे, पण मनातल्या मनात तीही कानसेनच म्हणू लागली होती.

आणि ती स्वतः होती संपादकीणबाई. पोटापाण्यासाठी ती एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. बसची वेळापत्रकं, औषधांच्या डब्यांतल्या घड्या घातलेल्या सूचना, शाळांची क्रमिक पुस्तकं, सगळ्यांतल्या चुका तिच्या नजरेखालून जात. आणि जीव रमवायला होता ‘भाता’. चार पानांचं मासिक, वाचक दोनशे बारा. कोणत्या गावात कोणता ऑर्गन दुरुस्त होतोय, कुठे कोणाची मैफल आहे, कुठल्या नळीत पाखराने घरटं केलं, सगळी बित्तंबातमी त्यात असे. वाचकांची भांडणंही असत. भाता हाताने ओढायचा की विजेवर चालवायचा, यावर एक दंतवैद्य आणि एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर सलग अकरा अंक एकमेकांचे वाभाडे काढत होते. पुढे दोघं एका मैफलीत समोरासमोर आले आणि त्यांची अशी काही गट्टी जमली, की वाचकांचा विरसच झाला.

‘भाता’चा नियम एकच होता आणि तो कानसेनांनीच पहिल्या अंकात घालून दिला होता. आलेलं प्रत्येक पत्र छापायचं. आपल्याला झोडपणारं असेल तर आधी छापायचं.

त्या सकाळी घरी परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. आदल्या हिवाळ्यात तिला ताप आला होता, त्याची आठवण होत होती. कानसेनांनी तिच्या तोंडात थर्मामीटर दिला आणि शेजारी बसून राहिले. तो वाजला. पुन्हा वाजला. तिने खूण केली तर म्हणाले, “थांब की. अजून वाजला कुठे?” तेव्हा तिला हसू आलं होतं. वाटलं, मुद्दाम गंमत करताहेत.

आता एकेक गोष्ट उलगडत गेली. मुलीचा फोन आला की हल्ली ते दोन वाक्यं बोलून तो बायकोकडे देत. दारावरची घंटा वाजली तरी पेपरातून मान वर होत नसे. जाड आवाज, खालचे आवाज त्यांना सगळे ऐकू येत. गेलं होतं ते फक्त वरचं, बारीक, टोकाचं. आणि ऑर्गनमधल्या चारशे नळ्या नेमक्या त्या टोकाच्या होत्या.

सांगायला हवं होतं. बसमधून उतरताना सांगू, असं तिने ठरवलं. मग जेवताना. मग उद्या. नवऱ्याला ‘तुमचा कान गेला’ असं बाईने कोणत्या तोंडाने सांगायचं, आणि तेही ह्या नवऱ्याला?

दुसऱ्या दिवशी तिने एक युक्ती काढली. सूर थरथरत असतानाच आतून “पुढचा” आलं, की ती ओरडायची, “अहो, जरा परत बघा ना. माझं बोट घसरलं!”

“पुन्हा?”

“घसरलं खरं.”

मग कानसेन कुरकुरत परत त्या नळीशी जायचे, शंकूने अंदाजाने ठोकायचे. कधी नशिबाने सूर लागायचा. न लागला, तर तिचं बोट आणखी एकदा घसरायचं.

“तुझी बोटं म्हातारी झाली,” ते आतून म्हणायचे.

“झालीच आहेत,” ती म्हणायची.

असे दोन हंगाम निघाले. मधल्या नळ्या तिच्या घसरत्या बोटावर तरून गेल्या. पण पेन्सिलीएवढ्या नळ्यांपुढे युक्ती चालेना. जे मुळी ऐकूच येत नाही ते किती वेळा परत बघणार?

दुसऱ्या हंगामात बाहेरगावचा एक नावाजलेला वादक आला. सभागृह भरलं होतं. तिसऱ्या रचनेत त्याने वरच्या नळ्यांना हवा सोडणारी खुंटी ओढली आणि तिने डोळे मिटून घेतले. पाटीवर नख ओढल्यासारखं काहीतरी छतापाशी तरंगत राहिलं. शेजारी कानसेन मांडीवर ताल धरून प्रसन्न बसले होते. मैफल संपल्यावर तिच्या कानाशी येऊन म्हणाले, “आज काय लागलाय गं ऑर्गन!”

आठवड्यात पत्र आलं. गावातल्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ‘भाता’च्या वाचक क्रमांक एक. वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं होतं, ‘वरच्या सर्व नळ्या बेसूर होत्या. पाहुण्या वादकासमोर मान खाली गेली. आमचे कानसेन हल्ली काम करतात की नुसते आत उभे राहतात? हे पत्र जसंच्या तसं छापावं.’

तिने ते दोनदा वाचलं. मग घडी घालून स्वयंपाकघरात, जुन्या पडद्यांच्या ट्रंकेत तळाशी ठेवलं. आणि त्या महिन्याच्या अंकात मैफलीच्या बातमीत स्वतःच्या हाताने वाक्य लिहिलं, ‘वरच्या नळ्या विशेष स्वच्छ लागल्या होत्या.’ तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका खोडणाऱ्या बाईने ही एक चूक जाणूनबुजून छापली आणि दोनशे बारा घरी पाठवली.

पुढच्या महिन्यात एका रविवारी सकाळी मुख्याध्यापिका स्वतःच आल्या. ती स्वयंपाकघरात होती. दारावर दणादण थापा पडल्या आणि दार कानसेनांनी उघडलं. मुख्याध्यापिकांचा आवाज चार वर्गांना एकदम पुरेल असा भरदार. तो ऐकायला कानसेनांना काहीच अडचण नव्हती.

“माझं पत्र का छापलं नाहीत?”

“कोणतं पत्र?”

“वरच्या नळ्यांचं! तुमचाच नियम ना? झोडपणारं आधी छापायचं. की तो दुसऱ्यांपुरता?”

ती ओल्या हातांनी बाहेर आली. तिच्याकडे पाहिलं मात्र, मुख्याध्यापिकांचा आवाज एकदम खाली आला. चाळीस वर्षं मुलांचे चेहरे वाचलेली बाई ती. त्यांना सगळं तिथल्या तिथे कळलं.

“मी... मी नंतर येते,” त्या म्हणाल्या.

“चहा घेऊन जा,” ती म्हणाली.

“नको. चहा नको.”

दार लागलं. कानसेन खुर्चीत बसले. मग म्हणाले, “पत्र दे.”

तिने ट्रंक उघडून पत्र आणलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

“खरं आहे?”

तिने मान हलवली.

“केव्हापासून?”

“दोन हंगाम झाले. त्याआधीचं नाही माहीत.”

“म्हणजे तुझं बोट...”

“नव्हतं घसरत.”

“एकदाही?”

“एकदाही नाही.”

ते हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, पण हसले आणि मग तोंडावरून हात फिरवला. “आणि मी तुझ्यावर ओरडायचो.”

“ओरडलात तर काय झालं.”

“अगं, पण मला सांगायचंस ना! मी नुसता आत उभा राहत होतो गं. ही बाई लिहितेय ते शब्दशः खरं आहे. मी शंकू हातात घेऊन येड्यासारखा आत उभा होतो आणि तू बाहेर बसून मला सांभाळत होतीस.”

“मला वाटलं, तुमचं मन...”

“माझं मन राहू दे. ते ‘विशेष स्वच्छ’ कोणी लिहिलं?”

“मी.”

“दोनशे माणसं आपल्यावर विश्वास ठेवून वाचतात,” ते एवढंच म्हणाले. रागावले असते, ताट भिरकावलं असतं, तरी तिने सोसलं असतं. पण ते इतक्या हलक्या आवाजात बोलले, की ती तिथेच जमिनीवर बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली. थोड्या वेळाने ते उठले, तिच्याशेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखत होते तरी बसले.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर मुख्याध्यापिकांचं पत्र आलं. जसंच्या तसं. त्याखाली कानसेनांनी सांगितलेल्या चार ओळी. ‘पत्रातील मजकूर खरा आहे. मला वरचे सूर ऐकू येत नाहीत. सभागृहाला नवा माणूस नेमावा, असं कळवलं आहे. गेल्या महिन्याच्या बातमीतलं वरच्या नळ्यांविषयीचं वाक्य चुकीचं होतं.’ छापायला जाण्याआधी तिने तो मजकूर तपासला. एकदा, दोनदा, तीनदा. कुठेतरी एखादी वेलांटी चुकलेली सापडावी, कागद मागे ठेवायला तेवढं तरी कारण मिळावं, असं तिला वाटत होतं. एकही चूक नव्हती.

त्यावर पत्रांचा ढीग आला. लांबलचक, मायेची, काही तर अश्रू ढाळणारी. कानसेनांनी सगळी वाचून बाजूला ठेवली. एकच खिशात घातलं. इंजिन ड्रायव्हरचं. त्यात फक्त एवढंच होतं, ‘मलाही सात वर्षं झाली. तरी येतो.’

कानाच्या डॉक्टरांनी मशीन दिलं. माणसांचं बोलणं त्याने कळायचं, पण ऑर्गन त्यातून पत्र्याचा डबा फरफटत न्यावा तसा ऐकू येई. कानसेनांनी एकदाच तसा ऐकला आणि मशीन काढून खिशात टाकलं. पुढच्या वर्षभरात मधले सूरही जायला लागले. ते कधी कुरकुरले नाहीत. फक्त स्वयंपाकघरात ती पाठमोरी असली की आता काही बोलायचे नाहीत. ती वळून तिचे ओठ दिसेपर्यंत वाट पाहायचे.

सूर लावायला नवी बाई आली. तिशीतली, मितभाषी, कामाची नेटकी. शंकूंची पेटी कानसेनांनी स्वतः तिच्या हाती दिली आणि बायकोला म्हणाले, “पट्ट्या तू धर. नव्या माणसाला ह्याचे नखरे कळायला वेळ लागतो.”

“मी नाही जाणार.”

“जा गं. माझ्यासाठी जा.”

ती गेली. बाकावर बसली, पट्टी दाबली. आतून परक्या आवाजात “घ्या, बाई, पुढचा” आलं आणि तिने घेतला. सूर लखलखीत लागत होते. दरेक लागलेल्या सुराबरोबर तिला कोणाशी तरी बेइमानी केल्यासारखं वाटत होतं.

चौथ्या दिवशी नव्या बाईने नळ्यांच्या फटीतून डोकं बाहेर काढलं. “बाई, जरा आत येता? इथे काही लिहिलंय. पुसायचं की ठेवायचं, तुम्ही सांगा.”

इतक्या वर्षांत ती कधी आत गेली नव्हती. तशी वेळच आली नव्हती. बाहेर कोणीतरी बसायला हवं असे. ती वाकून, पदर खोचून शिडीने वर चढली. आत धुळीचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. अरुंद फळी मधोमध दोन ठिकाणी झिजून खोलगट झाली होती. दोन पावलांएवढी. ती त्या खोलगटाकडे बघतच राहिली.

“इथे,” नवी बाई म्हणाली आणि तिने दिवा धरला.

आतल्या लाकडी भिंतीवर पेन्सिलीने ओळी होत्या. वर्ष, तारीख, त्या सकाळचं तापमान, कोणती नळी त्रास देते. कानसेनांचं बारीक, तिरकं अक्षर. सूर लावणारे आत असं लिहून ठेवतात. ती ओळी वाचत खाली आली. शेवटच्या दोन वर्षांच्या तारखांपुढे नळ्यांविषयी फारसं काही नव्हतं. एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘हिचं बोट आज अकरा वेळा घसरलं.’ त्याखाली, ‘आज चौदा. हात थरथरतो बहुतेक. सांगत नाही. डॉक्टरांना दाखवणे.’ आणि अगदी शेवटी, दोनदा गिरवून, ‘हिला पुढच्या वर्षी हे काम देऊ नये. दमते.’

“बाई?” नवी बाई म्हणाली. “ठेवायचं ना?”

तिने त्या मुलीच्या मनगटाला धरलं आणि मान हलवली. मग तशीच त्या फळीवर, झिजलेल्या जागेच्या जरा बाजूला पाय ठेवून, उभी राहिली. घरी गेल्यावर तिने यातलं काही सांगितलं नाही. जेवण झाल्यावर त्यांनी भांडी तिला घासू दिली नाहीत.

हंगामाची पहिली मैफल सुटीच्या दिवशी दुपारी होती. दोघं गेली. नेहमीच्या चौथ्या रांगेत बसली. मुख्याध्यापिका पलीकडच्या रांगेत होत्या. त्यांनी मानेनेच नमस्कार केला आणि कानसेनांनी उठून तो घेतला. वादक आला. पाऊण तासाची एक लांब रचना, मध्ये टाळ्यांना जागा नाही. कानसेन एकटक वादकाच्या पायांकडे पाहत होते. खालच्या जाड पायपट्ट्यांवर ते पाय डाव्या टोकाला गेले, की खुर्चीत काहीतरी घुमे आणि त्यांचे डोळे किंचित मोठे होत. बाकी वेळ चेहरा शांत होता, स्टेशनवर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहणाऱ्याचा असावा तसा. तिने मुद्दाम त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती ऐकत होती. जीव ओतून ऐकत होती.

रचना संपली, सभागृह उठून उभं राहिलं. कानसेन इतरांना पाहून उठले आणि सगळ्यांच्या नंतरही जरा वेळ टाळ्या वाजवत राहिले.

त्यानंतर ते रोज विचारू लागले, “अंक कधी निघतोय?”

“निघेल हो. शनिवारी.”

“मैफलीचं लिहून झालं?”

“लिहितेय.”

तिने ती बातमी सात वेळा लिहिली. एरवी बातमी अर्ध्या पानाची असे, ही अडीच पानं झाली. दंतवैद्याचं पत्र आणि दोन गावांच्या बातम्या पुढच्या अंकावर ढकलाव्या लागल्या. कोणता सूर कुठून सुरू झाला, कोणावर जाऊन टेकला, कुठे सगळं थांबलं आणि किती वेळ थांबलं, वरच्या नळ्या आल्या तेव्हा त्या कशासारख्या होत्या, सगळं. विशेषणं एकही नाही.

शनिवारी दुपारी छापखान्यातून येताना तिने पहिली प्रत पिशवीत आणली आणि त्यांच्या हातात दिली. कानसेन खिडकीशी खुर्ची ओढून बसले. ती चहा ठेवायला आत गेली. चहा झाला, कपात ओतला, तो घेऊन ती दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

ते ओळीखाली बोट ठेवून वाचत होते. एखाद्या शब्दाशी बोट थांबे, पट्टी दाबून धरल्यासारखं बराच वेळ थांबे, मग उचलून पुढच्या शब्दावर ठेवलं जाई. अडीच पानं. कोणीही दहा मिनिटांत वाचली असती. ती कप हातात धरून दारात उभी राहिली. चहावर साय धरली, कप गार झाला. समोर उन्हाचा पट्टा त्यांच्या गुडघ्यावरून सरकत जमिनीवर उतरला. कानसेन अजून दुसऱ्या पानावरच होते.